डोळ्यांत न भरणारी बॅग

दरवर्षी २ जानेवारीला पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानातल्या हुतात्मा स्मारकापाशी माणसं जमतात. १९४३ साली याच तारखेला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल तेव्हा जेमतेम तिशीचे होते. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून त्यांच्या आझाद दस्त्याने इंग्रज सरकारच्या नाकी नऊ आणले होते. दरवर्षीच्या या पहाटे रानात कडाक्याची थंडी असते, फांद्यांवरून दव टपकत असतं, आणि मानवंदनेच्या वेळी सगळे स्तब्ध उभे राहतात. नेमकी तेव्हाच कुणाची तरी कॅमेऱ्याची बॅग उघडते. वेल्क्रोचा तो फाडल्यासारखा आवाज दरीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन परत येतो. पुढच्या रांगेतले म्हातारे मान वळवून बघतात.

कॅमेऱ्याच्या बॅगेबद्दल लिहायचं तर मला या आवाजापासूनच सुरुवात करावीशी वाटते. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात मी फोटो काढते. गड, जत्रा, ठाकरांचे आणि महादेव कोळ्यांचे पाडे, भाताची लावणी, झोडणी, शेकरू, पाखरं असं सगळं. या कामात मी कोणता कॅमेरा वापरते हे विचारणारे पुष्कळ भेटतात. माझ्या अनुभवात मात्र फोटो बिघडण्याची किंवा जमण्याची निम्मी कारणं बॅगेत असतात. बॅग आपल्याआधी गावात पोचते. माणसं आपल्या तोंडाकडे बघण्याआधी आपल्या खांद्यावर काय आहे ते बघतात, आणि त्यावरून हा माणूस कोण, कशासाठी आला, याचा अंदाज बांधून मोकळी होतात.

सिद्धगडाच्या माचीवर सिद्धगडवाडी आहे. दरीतली चढण संपवून, पडक्या दरवाजातून आत गेलं की घरं लागतात. काळ्या रंगाची, चौकोनी, कडक कोपऱ्यांची मोठी बॅग आणि बाजूला बांधलेली तिपाई घेऊन अशा कुठल्याही पाड्यात शिरलं, की दारातल्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मोजणीला आलात का, ताई?" यात काही नवल नाही. काळू धरणासाठी जमिनी जाण्याचा वाद ज्या तालुक्याने अनुभवला, तिथे तिपाई आणि पेटी घेऊन येणारा माणूस जमीन मोजायला येतो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मोजणीवाल्यांची यंत्रंही अशाच टणक पेट्यांतून येतात. एकदा तो संशय बसला की नंतर कितीही गप्पा मारा, चहा प्या, चेहरे सैल होत नाहीत. पोरं लाजत नाहीत आणि धावतही नाहीत, नुसती ताठ उभी राहतात. तो ताठपणा फोटोत स्पष्ट उतरतो.

म्हणून माझी पहिली अट अशी की बॅग डोळ्यांत भरता कामा नये. मळकट हिरवा, राखी किंवा मातकट तपकिरी रंग, अंगाला बिलगणारा आकार, बाहेर कुठे कंपनीचं नाव नाही, चकाकणारं बक्कल नाही. कॅमेऱ्यासोबत जो पट्टा येतो, त्यावर कंपनीचं नाव पिवळ्या-लाल अक्षरांत विणलेलं असतं. तो मी पहिल्या दिवशीच काढून ठेवते आणि साधा काळा पट्टा लावते. बॅग निमूट आणि पट्टा बोंब मारणारा, असं असेल तर पैसे वायाच गेले म्हणायचे.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. बॅग साधी ठेवायची ती चोरून फोटो काढण्यासाठी नाही. माझा कॅमेरा मी कधी लपवत नाही. तो बाहेर काढला की हातात, सगळ्यांना दिसेल असा असतो, आणि माणसाचा फोटो काढण्याआधी मी त्याला विचारते. पण विचारायची वेळ येईपर्यंत दोन शब्द बोलणं झालेलं असावं, आपण कुणाच्या ओळखीने आलो, कुठल्या गावच्या, हे सांगून झालेलं असावं. खांद्यावरच्या मोठ्या काळ्या पेटीमुळे त्या दोन शब्दांना जागाच उरत नाही.

चोरीचं कारणही आहेच. मी कल्याणला लोकलमधून उतरते, तिथून मुरबाडची एसटी, पुढे म्हसा, नारिवली. लोकलच्या गर्दीत बॅग पोटावर घ्यायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच असते. पण पोटावर घेतल्यावरही 'यात कॅमेरा आहे' असं ओरडून सांगणारी बॅग आणि डबा-छत्री-वही असावी अशी दिसणारी बॅग, यांत फरक पडतो. बाईमाणसाला एकटीने पहाटेच्या गाडीने जायचं असेल तर तो आणखी पडतो.

मराठी फोटोग्राफरांची पहिली अशी बॅग म्हणजे शबनम. सत्तरच्या दशकात कवी, कार्यकर्ते, नाटकवाले, पत्रकार, सगळ्यांच्या खांद्याला ती लोंबकळत असे, आणि कॅमेरा त्याच झोळीत टॉवेलात गुंडाळलेला असे. तिच्यात काय आहे हे कुणाला कळायचं नाही, कारण ती सगळ्यांकडेच होती. दिसण्याच्या बाबतीत तिच्याइतकी चांगली बॅग अजून झालेली नाही असं माझं मत आहे. उणीव तळाची. झोळीला तळच नसतो. सगळं वजन एका कोपऱ्यात जमा होतं, दगडावर टेकवली की लेन्स थेट दगडावर बसते, आणि कापडाचा पट्टा पिळवटून खांद्यात रुततो.

फोटोग्राफर नारायण वीरकरांनी १९१९ मध्ये जालियनवाला बागेच्या भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा टिपल्या, तेव्हा फोटोग्राफरचं सामान खांद्यावरच्या पिशवीत मावण्यासारखं नव्हतं. १९२५ साली लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला आणि चित्र पालटलं. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या लायकाच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी पट्टी चिकटवून फिरत असे. पुढे वर्तमानपत्रांत काम करणाऱ्यांना दोन-दोन कॅमेरे, चार-चार लेन्स बाळगाव्या लागल्या, आणि बॅगेचा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात काम करणाऱ्या जिम डोमकेने १९७०च्या दशकात स्वतःसाठी कॅनव्हासची बॅग तयार केली. तिच्यातल्या दोन गोष्टी अजूनही शिकण्यासारख्या आहेत. तिचा पट्टा बाजूला टाचलेला नसून बॅगेच्या तळाखालून पूर्ण फिरवलेला आहे, त्यामुळे वजन शिवणीवर न येता पट्ट्यावर येतं. आणि त्या पट्ट्याच्या विणीत रबराचे धागे आहेत, म्हणून तो खांद्यावरून घसरत नाही. बाजूंना मात्र त्याने फोम जवळजवळ घातलाच नाही. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅम कंपनीची गोष्टही मला आवडते. १९७३ साली ती सुरू झाली मासेमारीच्या पिशव्या शिवायला. फोटोग्राफर त्या पिशव्या आपल्या कामासाठी विकत घेऊ लागल्यावर कंपनी हळूहळू कॅमेऱ्याच्या बॅगांकडे वळली. दोन्हीकडे बॅग मुळात कामातून आली, दुकानातून नाही, आणि दोन्हीकडे ती कॅमेऱ्याची वाटत नाही.

आता पॅडिंगबद्दल. दुकानात गेलं की विक्रेता बॅग हातात देतो आणि म्हणतो, "दाबून बघा मॅडम, किती जाड आहे!" जाडी हा निकष मानू नये. फोम काय करतो हे कळलं की निवड सोपी होते. वस्तू टेकते किंवा आपटते तेव्हा तिचा वेग एका क्षणात शून्यावर येतो. फोम दबतो, त्यामुळे तो क्षण लांबतो आणि धक्का पसरतो. दबायला जागा हवी तशीच दबल्यावर लगेच मूळच्या जागी येण्याची ताकदही हवी. मऊ स्पंज पटकन दबून तळाला लागतो आणि खाली दगड असेल तर लेन्सला दगडच भेटतो. घट्ट फोम थोडासाच दबतो, पण तेवढ्यातच धक्का खातो.

मी दुकानात असं करते. बॅगेचा तळ काउंटरवर ठेवते आणि आतून अंगठ्याने जोर देऊन दाबते. काउंटरचा कडकपणा अंगठ्याला जाणवला तर ती बॅग बाद. जाणवला नाही तर अंगठा झटकन उचलते आणि खळगा किती वेळात भरतो ते बघते. खळगा रेंगाळला तर फोम वर्षभरात बसणार. मग आतला एखादा सुटा पडदा काढून त्याचा कोपरा चिमटीत धरते. स्पंज असेल तर हवा फुस्सकन निघते आणि चिमूट जवळजवळ मिटते. ज्याच्या पेशी बंद असतात तो ईव्हीएसारखा फोम चिवटपणे विरोध करतो. आपल्याकडे हा फरक धक्क्यापेक्षाही पाण्यासाठी महत्त्वाचा आहे. बंद पेशींच्या फोममध्ये पाणी शिरत नाही. स्पंज पाणी पितो आणि सह्याद्रीच्या पावसात चार-चार दिवस ओला राहतो. ओल्या स्पंजाशेजारी ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.

सगळीकडे सारखं पॅडिंग हवं ही समजूतही सोडून द्यावी. जिथे मार बसतो तिथे हवं. दिवसभरात बॅग सगळ्यात जास्त वेळा कुठे आपटते याचा विचार केला तर उत्तर एकच येतं, तळाला. कातळावर टेकवणं, जीपच्या पत्र्यावर ठेवणं, एसटीच्या सीटखाली सरकवणं, शेणाने सारवलेल्या ओट्यावर ठेवणं. म्हणून तळाला दहा-बारा मिलिमीटर घट्ट फोम आणि त्याखाली न वाकणारा प्लास्टिकचा पत्रा हवा. खालचे दोन कोपरे फोमने वळवून घेतलेले असावेत, कारण बॅग क्वचितच सपाट टेकते, बहुधा आधी कोपरा लागतो. बाजूंना पाच-सहा मिलिमीटर पुरे. लोकलमध्ये बाजूंवर धक्का नसतो, दाब असतो, आणि दाबाला मऊपणापेक्षा ताठपणा जास्त उपयोगी पडतो. आतले पडदे मात्र पूर्ण उंचीचे असावेत. दोन लेन्स एकमेकींवर आदळून जेवढं नुकसान करतात तेवढं बाहेरचा दगड करत नाही. पाठीकडची बाजू शक्य तितकी पातळ ठेवावी, म्हणजे बॅग कमरेला चिकटून बसते. सगळीकडून फुगलेली बॅग अंगापासून दूर राहते, चालताना हेलकावे खाते, वाटेतल्या प्रत्येक करवंदीच्या जाळीत अडकते आणि लांबूनही कॅमेऱ्याचीच दिसते.

ज्यांच्याकडे चांगली कॅनव्हासची किंवा जाड खादीची पिशवी आहे त्यांनी नवी बॅग घेण्याआधी आतला पॅडिंगचा कप्पा तेवढा घेऊन बघावा. हे कप्पे सुटे मिळतात. घरीही होतात. ईव्हीएची योगा मॅट कापून, वर सुती अस्तर शिवून मी असे कप्पे केले आहेत आणि त्यांतून महागड्या लेन्स खुशाल नेल्या आहेत. अस्तर फिकट रंगाचं घ्यावं. बाहेरून बॅग जितकी मळखाऊ तितकी आतून उजळ हवी. लेन्सची काळी झाकणं काळ्या अस्तरात पहाटे सापडत नाहीत. मे अखेरीस वळवाचे शिंतोडे पडले की भीमाशंकरच्या रांगेत काजवे चमकू लागतात. तेव्हा तर टॉर्च लावणं हाच गुन्हा, आपल्या उजेडाने काजव्यांचा खेळ बिघडतो आणि शेजारच्या फोटोग्राफरचाही. अशा रात्री प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी लागते, म्हणजे हात न बघता तिथे जातो.

सुट्या कप्प्याचा मोठा फायदा चढणीवर कळतो. खांद्यावरची बॅग चढणीसाठी नाही हे मी स्पष्ट सांगते, ज्यांना विकायची आहे ते सांगणार नाहीत. सपाटीवर, गावात, जत्रेत, गाडीत तिच्यासारखी सोय नाही. पण माचीवरून बालेकिल्ल्याकडे निघालं की घसारा लागतो. खोदीव पायऱ्या येतात. तिथे पुढे वाकलं की एका खांद्यावरची बॅग पोटाखाली लोंबते, पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही आणि तोल एका बाजूला जातो. तळातल्या गावातून निघतानाच मी पॅडिंगचा कप्पा साध्या ट्रेकिंग सॅकमध्ये उभा घालते आणि रिकामी कॅनव्हासची बॅग घडी करून त्याच्यावर ठेवते. माचीवरच्या वाडीत फिरायचं असेल तेव्हा कप्पा पुन्हा बॅगेत जातो, सॅक ओळखीच्या घरी राहते. दोन मिनिटांचं काम. म्हणून ज्या बॅगेचा फोम कापडातच कायमचा शिवलेला आहे ती मी घेत नाही. त्या बॅगेची घडी होत नाही, ती नीट धुताही येत नाही.

शहापूरच्या बाजूला २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड दिसल्यापासून पाखरांचे फोटो काढणारे मोठाल्या लेन्स घेऊन येतात. पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्ससाठी पाठीवरचीच बॅग हवी. तो वेगळा विषय आहे, त्यात मी इथे शिरत नाही.

पाऊस हा आपल्या बॅगेचा खरा परीक्षक. ज्या बॅगा परदेशात वर्षानुवर्षं टिकतात त्या आपल्याकडे तीन-चार पावसाळ्यांत का जातात, याचं कारण बहुतेकांना माहीत नसतं. नायलॉनच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, पाणी थोपवण्यासाठी. दमट हवेत हा थर हळूहळू विरघळल्यासारखा होतो. आधी आंबूस वास येतो, मग हात लावला की चिकट लागतं, आणि शेवटी कोंड्यासारखे पापुद्रे सुटून लेन्सच्या काचेवर आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जाऊन बसतात. बॅग पावसाळाभर माळ्यावर किंवा बंद कपाटात पडून राहिली तर हे आणखी लवकर होतं. वापरात असलेली, वारा लागणारी बॅग जास्त टिकते. जुनी बॅग विकत घेत असाल तर आत नाक खुपसून वास घ्यावा, संकोच करू नये.

घट्ट विणीचा सुती कॅनव्हास या बाबतीत सरस ठरतो. सुताचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात. त्याला मेण लावलेलं असेल तर पहिला अर्धा तास पाणी वरच्यावर ओघळतं. बिलिंगहॅमच्या कापडात दोन थरांच्या मधे रबर असतं, ते पाणी आत येऊच देत नाही, पण ती बॅग महाग पडते. चामड्याची बॅग दिसायला कितीही देखणी असली तरी जूनमध्ये तिच्यावर पांढरी बुरशी येणार, म्हणून निदान ठाणे-रायगडच्या लोकांनी तिच्या मोहात पडू नये. कापडाइतकंच झाकण महत्त्वाचं. ते बॅगेच्या तोंडावर नुसतं टेकलेलं नको. इरलं जसं डोक्यावरून पाठीवर पार खाली येतं तसं झाकण पुढच्या बाजूने निम्म्याहून जास्त खाली आलेलं असावं आणि दोन्ही बाजूंना त्याला कान असावेत, म्हणजे तिरपा पाऊस आत घुसत नाही. बॅगेबरोबर भडक नारिंगी रंगाचं पावसाळी आवरण मिळतं, ते मी वापरत नाही. इतक्या खटपटीने साधी ठेवलेली बॅग त्याने एका झटक्यात दिवाळीचा आकाशकंदील होते. त्याऐवजी आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवते आणि मुसळधार पाऊस सुरू झाला की कॅमेऱ्याचा कप्पा उचलून त्या पिशवीत घालते. घरी आल्यावर बॅग पूर्ण रिकामी करून पंख्याखाली उलटी टांगते. बॅग ही कॅमेरा नेण्याची वस्तू आहे, ठेवण्याची नाही. कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर राहतात. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राहील एवढं बघायचं.

वेल्क्रोबद्दल पुन्हा. आतल्या पडद्यांना वेल्क्रो लागतंच, ते एकदा चिकटवलं की हलत नाही, त्यामुळे चालतं. झाकणाला मात्र नको. ज्यांच्या बॅगेला आहे त्यांनी वेल्क्रोच्या एका बाजूवर कापडाची पट्टी शिवून ते गप्प करावं. शेकरू फांदीवर निवांत बसलेलं असतं, आपण श्वास धरून उभे असतो, आणि त्या एका आवाजाने ते शेपटी झुलवत दोन झाडं पलीकडे जातं. कीर्तनात, मयताच्या घरी, देवळाच्या गाभाऱ्यापाशी तर प्रश्न शेकराचा नसून माणसांचा असतो. साधं आकडीचं बक्कल, किंवा चामड्याच्या पट्टीत अडकणारी पितळी खुंटी, हे सगळ्यात चांगलं. एका हाताने, बोटांच्या टोकांनी, आवाज न करता उघडतं. चेन असेल तर तिचं तोंड आपल्या अंगाच्या बाजूला यावं, पाठीमागच्या माणसाच्या बाजूला नाही. माळशेज घाटात जाणाऱ्यांना हेच माकडांसाठीही सांगते. तिथली माकडं उघडं तोंड बरोबर हेरतात.

म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. घोंगड्यांसाठी आणि बैलांसाठी दूरदूरहून माणसं येतात. माझ्या दृष्टीने बॅगेची खरी कसोटी इथे लागते. पायाखाली धूळ आणि शेण, चारी बाजूंनी रेटा, मधेच शिंग उगारणारा बैल. अशा बाजारात सौदा करायची एक जुनी रीत आहे. दोन माणसं उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बाजूच्या माणसाला आकडा कळत नाही. चेहऱ्यावर काही नाही, नजर बैलाच्या खांद्यावर, कापडाखाली मात्र बोटं चाललेली. एकाने हात झटकला की समजायचं, फिसकटलं. तो पुन्हा धरला की आशा आहे. या दोन हातांवरच्या कापडाचा फोटो काढायचा असेल तर आपल्याला त्या घोळक्यात तासभर उभं राहता आलं पाहिजे. इतकं की कुणी आपल्याकडे बघेनासं होईल. मोठी बॅग घेऊन आलेल्या माणसाला लोक वाट करून देतात, "पेपरवाले आले, सरका" म्हणतात, आणि सौदा तिथेच थांबतो. कमरेला चिकटलेली मळकी कॅनव्हासची बॅग घेऊन मी बैलाच्या मालकाशी दातांबद्दल, कामाबद्दल, गेल्या वर्षीच्या भावाबद्दल बोलते. कॅमेरा बाहेर येतो तेव्हा त्याला तो आधीच माहीत झालेला असतो, विचारलेलं असतं, आणि त्याचं लक्ष पुन्हा रुमालाखाली गेलेलं असतं. हात बॅगेत जाऊन लेन्स बदलून परत यायला दहा सेकंदही लागू नयेत. धुळीत बॅगेचं झाकण त्याहून जास्त वेळ उघडं ठेवणं परवडत नाही.

एवढ्या चपळाईसाठी बॅगेत सामान कमी हवं. आजचा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा बॅटरीसकट साधारण सातशे ग्रॅमचा असतो. २४-७० मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स सातशे ते नऊशे ग्रॅम, ७०-२०० ची एफ/२.८ एक ते दीड किलो. बॅगेचं स्वतःचं वजन एक किलो धरा. पाण्याची बाटली, बॅटऱ्या, छत्री धरून आकडा सहज चार-साडेचार किलोवर जातो आणि सगळा एका खांद्यावर. संध्याकाळी मान आखडते. एका खांद्याला तीन किलोंच्या वर घालू नये हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. एक कॅमेरा, ३५ ची छोटी लेन्स, ८५ ची दुसरी. पाडे, जत्रा, स्मारकावरची पहाट, सगळं त्यात होतं. बॅग घ्यायची ती या सामानाच्या मापाची, उद्या कधीतरी घेऊ त्या लेन्सच्या मापाची नाही. मोठी बॅग घेतली की ती भरलीच जाते. पट्टा चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि सुती असावा, डोक्यावरून तिरका घालता येईल इतका लांब. नायलॉनचा गुळगुळीत पट्टा घामाने घसरतो आणि मानेला कापतो.

मुंबईत फोर्टातला बोरा बाजार कॅमेऱ्याच्या सामानासाठी जुना आणि भरवशाचा. तिथे नव्या-जुन्या बॅगा रांगेने बघता येतात, आणि अर्ध्या दिवसात जे कळतं ते चित्रं बघून आठवडाभरात कळत नाही. मनासारखी नाही मिळाली तर शिवून घ्यावी. धारावीत बॅगा शिवणारे इतके उत्तम कारागीर आहेत की नमुना आणि माप दिलं तर हवी तशी करून देतात. त्यांना तीन गोष्टी आधीच सांगाव्या: पट्टा तळाखालून फिरवायचा, पट्टा जिथे शिवतात तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण घालायची, आणि आतल्या शिवणीच्या कडा पट्टीने झाकायच्या, म्हणजे सुटे धागे लेन्सवर पडत नाहीत. कड्या पितळी मागाव्यात. लोखंडावर मुलामा दिलेल्या कड्या दुसऱ्या पावसाळ्यात गंजतात आणि कॅनव्हासवर तांबडे डाग पाडतात.

बॅग विकत घ्यायला जाताना कॅमेरा आणि लेन्स घरी ठेवून जाऊ नका. आपलं सामान दुकानात आपल्या हाताने तिच्यात भरा, पट्टा तिरका घाला आणि उकिडवे बसा. बसताना बॅग मांडीवर आली की जमिनीवर आपटली? उभं राहताना पुढे घसरली का? मग डोळे मिटून डाव्या हाताने झाकण उघडा आणि लेन्स काढा, परत ठेवा. शेवटी दुकानातल्या पोऱ्याला विचारा की ही कशाची बॅग वाटते. तो "ऑफिसची" म्हणाला तर घ्या, "कॅमेऱ्याची" म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. आणि जो दुकानदार सामान भरून बघू देत नाही, त्याच्याकडे तर थांबूच नका.